तो माणूस कुणाचा होता

रविवारी चर्च सुटलं की आमच्या डेव्हर्स लँडिंग गावची माणसं देवाचं ऐकून झाल्यावर आगीच्या बंबाशेजारच्या फायर हॉलमध्ये जमतात आणि तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या पोरांनी जो सामना खेळलेला असतो त्याची फिल्म भिंतीवर लावायची, हलुश्की खायची, बिअर प्यायची आणि सतरा वर्षांच्या पोरांची चामडी सोलायची, असा तो कार्यक्रम. पोरं जिंकली असतील तर हलुश्की आधी संपते. हरली असतील तर बिअर. या वर्षी सप्टेंबरपासून बिअरच संपत होती.

लोरेन हुडाक हॉलच्या स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मध्ये एक रुंद खिडकी आहे, तिथून बायका ताटं सरकवतात. तिच्या पुढ्यात भलंमोठं पातेलं होतं, त्यात हलुश्की, म्हणजे कोबी, कांदा आणि लोण्यात परतलेल्या जाड शेवया. ती डावाने वाढत होती आणि ताट घ्यायला येणारा प्रत्येक जण आज तिच्याकडे न बघता ताट उचलत होता. एरवी हीच माणसं दोन मिनिटं थांबून गुडघ्याची, सुनेची, पावसाची तक्रार करून जायची. आज सगळ्यांना शेवयांमध्ये काहीतरी फार बघण्यासारखं सापडलं होतं.

कारण तिचा नवरा वॉल्ट हा संघाच्या पुढच्या फळीचा कोच, आणि आज त्याला काढायचं ठरत होतं.

आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळतात, हवेतून फेकतात, आणि एकमेकांना आडवं करतात. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. पेपरात फोटो त्याचा, पोरी त्याच्या, कॉलेजांची पत्रं त्याला. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड पोरं रांगेने वाकून उभी असतात, ती फळी. समोरून जो अंगावर धावून येईल त्याला छातीवर घ्यायचं, बस्स, एवढंच काम. मधला पोरगा चेंडू मागे देतो तेवढं सोडलं तर चेंडूला ती पोरं वर्षभरात हात लावत नाहीत. त्यांचं नाव कुणी घेत नाही. घेतलं जातं ते फळीतून एखादा माणूस निसटला आणि क्वार्टरबॅक आडवा झाला तरच. मग अख्खा गाव एकच प्रश्न विचारतो. तो माणूस कुणाचा होता? म्हणजे त्याला अडवायचं काम या पाचांतल्या कुणाचं होतं.

फळीतलं पोर या प्रश्नाचं उत्तर देत नाही. वॉल्ट खेळायचा तेव्हाही देत नव्हतं, त्याचा बाप खेळायचा तेव्हाही नव्हतं. विचारलं तर पाचही जण म्हणतात, आमचा होता. ज्याची चूक तोही तेच म्हणतो आणि ज्यांची नाही तेही तेच. वॉल्टने दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं. नाव सांगणारं पोर त्याने एकदा सामना चालू असताना बाकावर बसवलं होतं, आणि त्या पोराने खरं नाव सांगितलं होतं.

रविवारी जमणाऱ्या या माणसांचा, संघासाठी पैसे उभे करणारा, बूस्टर क्लब आहे, त्याला तसा कोच काढायचा अधिकार नाही. अधिकार शाळेच्या बोर्डाचा. पण मैदानावरचा नवा स्कोअरबोर्ड क्लबने लावलेला, हेल्मेटं क्लबने आणलेली, पोरांची बस क्लब पाठवतो. त्यामुळे क्लबने रविवारी हात वर केले की बोर्ड मंगळवारी मान हलवतं. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तरी सगळे ‘आम्ही फक्त शिफारस करतो’ म्हणतात. आमच्या गावात कुणी कुणाचा गळा दाबत नाही, फक्त शिफारस करतात.

क्लबमध्ये सगळ्यात मोठा आवाज कर्क बॅलिंजरचा. गाड्या विकतो. तो स्कोअरबोर्ड लागला त्यात निम्म्याहून जास्त पैसा त्याचा, आणि स्कोअरबोर्डच्या खाली त्याचं नाव वरच्या आकड्यांपेक्षा ठळक. त्याचा पोरगा कोल्टन म्हणजे आमचा क्वार्टरबॅक. म्हणजे शुक्रवारपर्यंत होता. शुक्रवारी पाठीमागून एक माणूस येऊन कोल्टनवर आदळला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड तीन ठिकाणी मोडलं. वर्ष संपलं. पोरगा स्ट्रेचरवर पडून आईला हाक मारत होता, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं.

लोरेनला या सगळ्यातली एकच गोष्ट कळत होती. वॉल्टचं हे काम गेलं तर काय होईल ते तिने आधी एकदा पाहिलेलं होतं. पोलादाची गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात वॉल्ट गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचा. दिवा लावायचा नाही. काही दुरुस्त करायचा नाही. नुसता बसायचा. हरणांच्या शिकारीची बंदूक होती घरात. लोरेनने एके दिवशी तिच्या गोळ्या शेवयांच्या डब्यात घालून बहिणीकडे नेऊन ठेवल्या आणि बहिणीला सांगितलं, उघडू नकोस. वॉल्टने कधी विचारलं नाही गोळ्या कुठे गेल्या. त्याने विचारलं नाही, यावरूनच तिला कळलं की गोळ्या असायच्या तिथे त्याने जाऊन बघितलं होतं. मग ऑगस्टमध्ये शाळेने फळी शिकवायला बोलावलं आणि माणूस गॅरेजमधून उठला. तेव्हापासून तो शाळेची बस चालवतो, दुपारी पोरांना चिखलात लोळवतो आणि रात्री जेवताना टेबलावर मिठाच्या, मिरीच्या बाटल्या मांडून तिला कोण कुठे सरकतो ते दाखवतो. मीठ म्हणजे नेहमी डाव्या टोकाचा पोरगा.

त्या डाव्या टोकावर या वर्षी डिलन यूरिक होता. त्याचा आजा स्टॅन यूरिक हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. डिलनला आईबाप असून नसल्यासारखे, म्हाताऱ्यानेच वाढवला. पोरगं स्वतः आलं नव्हतं. शनिवारी कुणीतरी त्यांच्या अंगणात अंडी फेकून गेलं होतं.

फिल्म सुरू व्हायच्या आधीच भांडण सुरू झालं होतं. क्लबचा अध्यक्ष डेनी रुस्नाक, विमा विकणारा, मवाळ माणूस, मधेमधे हात वर करून एकेकाने बोला म्हणत होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. एक म्हणत होता पोरं वाकतात फार वर, ढुंगण खाली पाहिजे. दुसरा म्हणाला, वाकतील कशी, पोटं आडवी येतात. तिसऱ्याचं म्हणणं उलट, की या वर्षी पोटंच नाहीत, जाड पोरांचे बाप कामाच्या मागे टेक्सासला गेले आणि पोरं घेऊन गेले, आता उरलेत ते सायकलच्या दुकानातले स्टँड. कुणी म्हणालं ही फळी नाही, बागेचं फाटक आहे, वाऱ्याने उघडतं. कुणी म्हणालं माझी सासू दारात यापेक्षा बरी अडवते. त्यावर त्याची सासू तीन टेबलं सोडून बसली होती, ती म्हणाली, तुला अडवायला हवं होतं तेव्हा नाही अडवलं, तेवढी एकच चूक झाली. हॉल हसला. थोडा वेळ बरं वाटलं.

मला या माणसांची चीड येते ती यासाठी की त्यातली निम्मी स्वतः त्या फळीत उभी होती. गुडघे अजून दुखतात, कानात अजून वाजतं, तेव्हाही त्यांना असंच कुणीतरी बिअर पीत फाटक म्हणालं होतं आणि ते घरी जाऊन उशीत रडले होते. ते विसरले. आता स्वतःच्या गाडीचं चाक बदलताना ज्यांना धाप लागते ते डिलन यूरिकने पाय कुठे टाकायला हवा होता ते सांगत होते.

मग डेनीने दिवे मालवले आणि भिंतीवर शुक्रवारचा सामना उमटला. वरून, छपरावरून घेतलेली फिल्म. पोरं मुंगळ्यांएवढी दिसतात आणि आवाज नसतो. बराच वेळ बघत बसले. मग तो क्षण आला आणि कर्क बॅलिंजर उठला. त्याच्या हातात तो लाल ठिपका पाडणारा दिवा होता. त्याने ठिपका डिलनच्या पाठीवर, बहात्तर आकड्यावर ठेवला.

भिंतीवर दिसत होतं ते असं. पाच पोरं वाकलेली. डिलनच्या समोर दोघे, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. चेंडू हलला. डिलन आतल्या अंगाला वळला, आतल्याला छातीवर घेतलं. बाहेरचा मोकळा सुटला आणि सरळ कोल्टनच्या पाठीवर. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

कर्कने ते परत लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “हे बघा. दार उघडलं. या म्हणाला, आत या, बसा.”

कुणी हसलं नाही. कर्कचा आवाज मधेच चिरला होता. माणूस मला आवडत नाही, पण बाप होता, आणि आपल्या पोराचं हाड मोडताना तो तिसऱ्यांदा बघत होता. स्टॅन यूरिकने टोपी गुडघ्यावरून उचलली, आत पाहिलं, परत ठेवली.

वॉल्ट भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी. फिल्मचा उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर. डेनीने दिवे लावले आणि जरा खाकरून विचारलं, वॉल्टला काही सांगायचंय का.

“वॉल्टने एकच सांगावं,” कर्क म्हणाला. “तो माणूस कुणाचा होता?”

“आमचा.”

“आमचा म्हणजे?”

“फळीचा. म्हणजे माझा.”

“पोरांना शिकवायचा तो पाठ मला म्हणून दाखवू नकोस, वॉल्ट. नाव सांग. बहात्तरचा होता की नाही?”

वॉल्ट काही बोलला नाही. आणि हॉलने ते न बोलणं आपापल्या सोयीने ऐकलं. कुणीतरी मागून म्हणालं, त्या पोराला बसवा आता, आणि शिकवणाऱ्यालाही बसवा. डेनी म्हणाला, ठीक आहे, तर मग मत घेऊ.

लोरेनच्या हातातला डाव तसाच राहिला.

कारण तो माणूस कुणाचा होता ते तिला ठाऊक होतं.

फळीला कुठल्या बाजूला सरकायचं ते ऐन वेळी एका शब्दाने ठरतं. समोरच्यांना कळू नये म्हणून लेफ्ट-राइट असं ओरडत नाहीत, त्या अक्षराने सुरू होणारं नाव ओरडतात. कुठल्या शाळेत प्राण्यांची नावं असतात, कुठे शहरांची. वॉल्टने पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. राइटसाठी रोझी, ही त्याची आई, वारली बिचारी. लेफ्टसाठी लोरेन. दर शुक्रवारी सतरा वर्षांची पोरं चिखलात वाकून तिचं नाव केकाटायची. गावातल्या बायकांनी यावरून तिला पुष्कळ छळलं. तिला लाज वाटायची, आणि आवडायचंही. वॉल्टने लग्नानंतर तिला दिलेली ही एवढी एकच जाहीर गोष्ट.

त्या शुक्रवारी ती गोलच्या मागच्या कुंपणापाशी उभी होती. आमची पोरं आमच्याच गोलजवळ अडकली होती, म्हणजे तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. फळीतला मधला पोरगा समोरच्यांना बघून शब्द देतो. त्याने दिला. लोरेन. स्वतःचं नाव माणसाला गर्दीतही ऐकू येतं. तिने ऐकलं. लोरेन म्हणजे सगळ्यांनी डावीकडे सरकायचं, आणि मग बाहेरचा माणूस डिलनचा. पण शब्द बदलायचा हक्क क्वार्टरबॅकचा असतो, आणि त्याने बदलला. कोल्टन ओरडला, रोझी, रोझी. सगळे उजवीकडे सरकले. रोझी असली की डिलनने आतला घ्यायचा, बाहेरचा सुटणार हे क्वार्टरबॅकने धरून चालायचं, त्याच्याकडे डोळा ठेवायचा आणि चेंडू पटकन फेकून मोकळं व्हायचं. मिठाच्या बाटलीने तिला हे शंभरदा दाखवलेलं होतं. कोल्टनने शब्द बदलला आणि बदलला हे विसरून दुसरीकडे बघत उभा राहिला. पोरगंच ते. विसरलं.

डिलनने जे शिकवलं ते केलं. तो माणूस कोल्टनचा होता.

घरी जाताना ट्रकमध्ये तिने वॉल्टला सांगितलं. तो म्हणाला, “मधल्याचा शब्द बरोबर होता. कोल्टनने बदलला. मी पण ऐकलं.” मग घराशी ट्रक थांबवताना म्हणाला, “आता विसर ते.”

ती विसरली नव्हती. आणि आता डेनी मत घ्यायला निघाला होता, आणि तिला गॅरेजमधली खुर्ची दिसत होती. तिच्या शेजारी ताटं पुसत होती ती डोलोरेस म्हणाली, कुठे निघालीस गं, तोवर लोरेन स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये आली होती. एप्रन अंगावर, डाव हातात. तो ठेवायचं तिला सुचलं नाही.

“डिलनने काही सोडलं नाही,” ती म्हणाली. “त्याला दिलेला शब्द त्याने पाळला. मधल्या पोराने माझं नाव दिलं होतं. कोल्टनने ते बदलून रोझी केलं. मी कुंपणाशी होते, मी ऐकलं. रोझीला बाहेरचा माणूस डिलनचा नसतो, कर्क. तुझ्या पोराचा असतो. फिल्मला आवाज नाही म्हणून तुम्हाला कळत नाहीये.”

स्टॅन यूरिकने मान वर केली. म्हाताऱ्याच्या तोंडावर जे आलं ते बघून लोरेनला वाटलं, झालं, एवढ्यासाठी बोलले तरी पुरे झालं.

फळी खेळलेले जे होते त्यांनी मनात ती जागा परत मांडून पाहिली. दिसत होतं त्यांच्या चेहऱ्यावर. दोघा-तिघांनी हळूच मान हलवली. पाचही पोरं उजवीकडेच गेली होती, भिंतीवर तीनदा गेली होती, आणि ते त्यांनी तीनदा बघितलं नव्हतं.

कर्क पांढरा पडला. तो तिच्याशी बोलला नाही. त्याने वॉल्टकडे वळून विचारलं, आणि आवाज अगदी साधा होता, पहिल्यांदाच. “खरं आहे का हे? कोल्टनने केलं?”

वॉल्टने हाताची घडी सोडली. लोरेनकडे त्याने पाहिलं नाही. तो कर्ककडे बघत होता, आणि लोरेनला आधी कळलं आणि मग ऐकू आलं.

“नाही,” वॉल्ट म्हणाला. “शब्द मी पाठवला होता. बाहेरून, हाताने खूण करून. कोल्टनने मी सांगितलं ते ओरडलं. डिलनने मी सांगितलं ते केलं. दोन्ही पोरं बरोबर होती. चूक माझी.”

“आणि लोरेन म्हणते ते?”

“ती कुंपणाशी उभी होती. बँड वाजत होता.” वॉल्टने तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं. “तिला तिचं नाव दिवसभर ऐकू येतं, काय करणार. बायको आहे माझी. माझ्या बाजूने बोलणारच.”

हॉल हसला. वाईट नव्हतं ते हसणं. घरातली बाई पत्त्यांच्या डावात मधेच बोलली की हसतात तसं, मायेचं. सुटल्यासारखं हसले सगळे. कुणीतरी म्हणालं, माझी तर मी बरोबर असलो तरी माझ्या बाजूने बोलत नाही, वॉल्ट, तू नशीबवान आहेस. ते ऐकून परत हसले.

लोरेन तिथे डाव धरून उभी होती आणि डावातून लोणी फरशीवर ठिबकत होतं.

कर्क बॅलिंजर टेबलांमधून वाट काढत वॉल्टपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. म्हणाला, असं उभं राहून स्वतःची चूक सांगायला माणूस लागतो. वॉल्टने हात हातात घेतला. मग स्टॅन यूरिक उठला, टोपी काखेत, त्याने वॉल्टचा दंड दाबला, डोळे पुसले. डिलन सुटला. कोल्टन सुटला. कर्क सुटला, त्याला आता घरी जाऊन पोराच्या तोंडाकडे बघता येणार होतं. सगळा हॉल सुटला. फायर हॉलमध्ये वॉल्ट हुडाकबद्दल एवढं चांगलं कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

आणि आता त्याला काढणं सोपं झालं होतं. कबूल केलेल्या माणसाला काढताना कुणाची झोप उडत नाही.

हीच ती गोष्ट जी लोक मला नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगत. काय माणूस, म्हणत. असेल. पोरांच्या अंगावर येणारं त्याने छातीवर घेतलं, हे खरं. जन्मभर तेच शिकला, तेच शिकवलं. पण मला विचाराल तर फळीच्या माणसाला आधी हे ठरवावं लागतं की आपल्या पाठीमागे कोण आहे. वॉल्टने त्या दिवशी पाठीमागे कोण कोण आहे ते पाहिलं. कोल्टन होता, डिलन होता, जो त्याला हाकलायला आला होता तो कर्कसुद्धा होता. लोरेन नव्हती. ती खरं बोलली होती आणि तिचं खरं त्याने चारचौघांत पुसून टाकलं, हसत, जसं काही ताटावरचं खरकटं. आणि या गावाला त्यात एक थोर माणूस दिसला. बाई कुणाला दिसली नाही.

स्टॅन आपल्या जागी परत आला, आणि लोरेन अजून मधेच उभी आहे हे बघून त्याने शेजारची खुर्ची ओढून दिली. ती बसली. तो हळूच तिला म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, तू चांगल्यासाठीच बोललीस, चुकतं माणसाचं ऐकण्यात. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. याच्याच नातवासाठी ती बोलली होती. आणि तो तिला माफ करत होता.

तिला वाटलं ओरडावं, ट्रकमध्ये काय म्हणाला ते सांगावं. तिने तोंडही उघडलं असेल. पण मग तिला दिसलं की ती काहीही बोलली तरी आता ते बायकोचंच बोलणं होणार. नवऱ्याने कबूल केलेली चूक झाकायला धडपडणारी बाई. जितकं खरं सांगेल तितकी जास्त मायाळू ठरेल. वॉल्टने सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. एवढं घट्ट त्याच्या फळीने वर्षभरात काही बंद केलं नव्हतं.

डेनी रुस्नाक आता अगदी हळुवार बोलत होता. वॉल्टने इतकी वर्षं गावासाठी जे केलं त्याबद्दल क्लब ऋणी आहे, म्हणाला. वर्षअखेरच्या जेवणाला त्याचा सत्कार करू, म्हणाला. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. वॉल्टने मान खाली घातली, जसं मोठ्या माणसाने घालावी. मग डेनी म्हणाला, तर, नाइलाजाने, शाळेला नवा माणूस बघा असं सुचवायचं ज्यांच्या मनात आहे त्या सभासदांनी हात वर करावेत.

हात वर झाले. आधी पुढच्या टेबलांवरचे, मग मागचे. कर्कने सगळ्यात शेवटी केला, आणि करताना वॉल्टकडे बघून मान हलवली, म्हणजे राग नाही. वॉल्टनेही हलवली.

लोरेन क्लबची सभासद होती. कर्कच्या आधीपासून. तो स्कोअरबोर्ड लागायच्या आधी, हेल्मेटांना चिकटपट्ट्या लावून पोरं खेळायची तेव्हापासून ती या स्वयंपाकघरात कोबी चिरत होती.

तिला खुर्ची दिसत होती, गॅरेजमधली, आणि तीत बसलेला माणूस. या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच ते दिसत नव्हतं. कुणाला माहीत नव्हतं की हे हात कशासाठी वर होतायत. तिला माहीत होतं. डाव तिने मांडीवर ठेवला, आणि हात वर केला.

डोलोरेस खिडकीतून बघत होती, तिने तोंडावर फडकं धरलं.

स्टॅन यूरिकला वाटलं हिचा गोंधळ झालाय. तो तिच्याकडे झुकला आणि कानाशी म्हणाला, “लोरेन, खाली घे. हा हात त्याला काढण्यासाठी आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

समोर भिंतीपाशी वॉल्टने मान वर केली आणि हॉलमध्ये आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. तिनेही डोळे हलवले नाहीत. दंड भरून आला होता, कोपरापर्यंत लोणी ओघळलं होतं.

डेनी बोटाने एकेक टेबल मोजत मागपर्यंत आला, लोरेनपाशी त्याचं बोट अडखळलं, आणि पुढचा आकडा त्याला आठवेना. तो ओशाळून म्हणाला, माफ करा, चुकलो, पहिल्यापासून मोजतो, कुणी हात खाली घेऊ नका.

लोरेनने घेतला नाही.